पहिलं घर एवढं लांब का घेतलं? एका फाईलमधून इतिहास वाचताना



मागच्या लेखात आपण संशोधनाचा विषय आणि संशोधनाचा प्रश्न यांतला फरक बघितला होता. विषय कुणालाही सुचतो. प्रश्न मात्र घासूनपुसून तयार करावा लागतो. आज तेच काम एका उदाहरणावर करून बघू. उदाहरण माझ्या घरातलं आहे, म्हणजे अक्षरशः घराचंच आहे.

नालासोपाऱ्याला आमच्या लोखंडी कपाटाच्या लॉकरमध्ये एक निळी फाईल आहे. तिच्यावर बाबांच्या अक्षरात लिहिलंय, ‘रूमचे पेपर’. आत १९९४ सालचं फ्लॅटचं अ‍ॅग्रीमेंट आहे, बिल्डरच्या पावत्या आहेत, पतपेढीच्या कर्जाचा कागद आहे, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आहे आणि काकांच्या सहीचा एक स्टँप पेपर आहे. मी एम.एस्सी. केलं संख्याशास्त्रात. आता पीएच.डी. करतोय मुंबईच्या घरांच्या इतिहासावर. तीन वर्षं मी फोर्टातल्या राज्य पुराभिलेखागारात जुने कागद चाळतोय. पण घरातली ही फाईल मी पहिल्यांदा नीट उघडली ती गेल्या वर्षी, सोसायटीला कागद लागले तेव्हा. म्हणजे बघा, स्रोत शोधायला रोज दोन तास लोकलने जात होतो आणि एक स्रोत माझ्या डोक्यापासून चार फुटांवर होता.

त्या फाईलला विचारलेला प्रश्न साधा आहे: लालबागच्या चाळीत जन्मलेल्या, लोअर परळला कामाला असलेल्या माणसाने आयुष्यातलं पहिलं घर चर्चगेटपासून ५६ किलोमीटरवर का घेतलं?

‘स्वस्त होतं म्हणून’ हे उत्तर का पुरत नाही

तुम्ही म्हणाल, यात काय संशोधन? लांब घर स्वस्त मिळतं. झालं.

मीही हेच म्हटलं होतं. पहिल्या वर्षी काही अ‍ॅग्रीमेंट्स गोळा केली, आडव्या अक्षावर चर्चगेटपासूनचं अंतर घेतलं, उभ्या अक्षावर चौरस फुटाचा दर घेतला आणि आलेख काढला. रेषा छान खाली उतरत गेली. याला सिद्धान्ताचा आधारही होता. विल्यम अलोन्सो या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ च्या पुस्तकात हेच मांडलं होतं, की शहराच्या मध्यापासून लांब जावं तसा जागेचा भाव उतरतो आणि प्रवासाचा खर्च वाढतो. कुटुंब या दोन्हींचा मेळ बसेल तिथे राहतं. मी खुशीत आलेख मॅडमना दाखवला. त्यांनी तो शांतपणे बघितला आणि विचारलं, “बरोबर आहे. पण यात १९९४ कुठे आहे?”

मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं, की तो आलेख १९३४ साठीही तसाच निघाला असता आणि २०२४ साठीही. लांब जागा नेहमीच स्वस्त असते. पण लालबागचा माणूस १९३४ मध्ये नालासोपाऱ्याला फ्लॅट घेत नव्हता. मुळात तेव्हा ‘फ्लॅट विकत घेणं’ ही गोष्ट मुंबईच्या सामान्य माणसाच्या कल्पनेतही नव्हती. मग मधे काय झालं? माझा खरा प्रश्न इथून सुरू झाला.

मित्रांनो, हे लिहून ठेवा. उत्तर जेव्हा सगळ्या काळांना लागू पडतं, तेव्हा ते इतिहासाचं उत्तर नसतं.

पहिला धागा: भाड्याची खोली

फाईलमधला काकांचा स्टँप पेपर घ्या. त्यात लिहिलंय, की लालबागची खोली आजोबांच्या नावावर होती, ती पुढे मोठ्या मुलाच्या नावावर होण्यास धाकट्याची हरकत नाही. त्या बदल्यात काकांनी बाबांना १५,००० रुपये दिले. ते पैसे थेट नालासोपाऱ्याच्या बुकिंगला गेले.

हा कागद समजायचा तर मागे जावं लागतं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या वस्त्या मोकळ्या करायच्या म्हणून १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टने शहराच्या उत्तरेला दादर-माटुंग्याकडे आखीव वस्त्या उभ्या केल्या. तेव्हाच्या गिरगावकराला दादर लांब वाटायचं! निखिल राव यांचं ‘हाऊस, बट नो गार्डन’ हे पुस्तक याच काळावर, १८९८ ते १९६४ वर आहे. या विषयात येणाऱ्याने ते वाचलंच पाहिजे. पण दादर-माटुंग्याला गेलेली बहुतेक कुटुंबंसुद्धा भाडेकरूच होती. मुंबईकर जागा भाड्याने घ्यायचा. विकत घेणं हे शेठ लोकांचं काम.

मग १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा आला. ज्या जागा आधीपासून भाड्याने होत्या, त्यांचं प्रमाणित भाडं साधारण १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधलं गेलं. युद्धानंतरच्या महागाईत आणि फाळणीच्या लोंढ्यात भाडेकरूला संरक्षण हवंच होतं. हा कायदा नसता तर गिरणगावातली हजारो कुटुंबं रस्त्यावर आली असती. पण त्याचा दुसरा परिणामही झाला. भाडं गोठल्यावर भाड्याने द्यायला नवी इमारत कोण बांधणार? जुनी खोली कोण सोडणार? खोली हातातून हातात जायची ती पागडी घेऊन. पागडी परवडत नसेल तर एकच वाट उरायची, घरातल्या कुणाच्या तरी नावावरची खोली पुढे चालवायची.

आणि खोली एक, भाऊ दोन. भाडेकरूचा हक्क एकाच्या नावावर जाणार. दुसऱ्याने काय करायचं? दहा बाय बाराच्या खोलीत दोन संसार काही वर्षं चालले. माझा जन्म जवळ आला तेव्हा चालेना. काकांनी हाकललं नाही, बाबा भांडले नाहीत. पण धाकट्या भावाला शहरात भाड्याची जागा मिळेल अशी बाजारपेठच शिल्लक नव्हती. म्हणून बाबा लांब गेले. ‘स्वस्त होतं म्हणून’ या तीन शब्दांच्या मागे अर्ध्या शतकाचं भाड्याचं राजकारण उभं आहे.

दुसरा धागा: रूळ

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. १ मे १८५४ ला ती कल्याणला पोचली. पश्चिमेकडे १२ एप्रिल १८६७ ला विरारहून बॅकबेपर्यंत रोजची एक गाडी सुरू झाली. विरार आज आपल्याला लोकलचा शेवट वाटतो (डहाणूवाल्यांनी माफ करावं), पण पश्चिम मार्गावरच्या लोकलची सुरुवातच विरारहून झाली. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला विजेवरची गाडी आली, ५ जानेवारी १९२८ ला कुलाबा ते बोरिवली, आणि १९३६ मध्ये वीज विरारपर्यंत गेली.

म्हणजे नालासोपाऱ्याला विजेची लोकल १९३६ पासून आहे आणि वस्ती फुगली ती १९८० नंतर. मधली चाळीसेक वर्षं रूळ होते, गाडी होती, स्वस्त जमीन होती, पण फ्लॅट नव्हते. ‘रेल्वे आली आणि उपनगरं वाढली’ असं वाक्य तुमच्या प्रबंधात आलं तर थांबा. रेल्वे ही आवश्यक अट आहे, पुरेशी नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हा फरक वेगळा सांगायला नको.

रेल्वेने केलं ते असं, की मासिक पासामुळे लांबचा प्रवास पैशांत स्वस्त झाला. जमिनीचा भाव अंतरासोबत झपाट्याने उतरत होता आणि पासाची किंमत त्या मानाने हळूहळू चढत होती. फरकाची भरपाई माणूस वेळेत करत होता. तो हिशेब आपण पुढे करू.

तिसरा धागा: ओनरशिप

जमीन माझी, इमारत माझी, हे समजतं. पण दुसऱ्याच्या जमिनीवर, तिसऱ्या मजल्यावरची हवेतली चार भिंतींची पेटी माझी, हे कसं? मुंबईत ही कल्पना रुळली ती सहकारी सोसायट्यांमधून आणि मग १९५० च्या दशकात ‘ओनरशिप फ्लॅट’ या नावाने. जागेची टंचाई इतकी, की लोक नकाशा बघून पैसे देऊ लागले. फसवणुकीच्या तक्रारी वाढल्या.

महाराष्ट्र राज्य १ मे १९६० ला झालं. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, २० मे १९६० च्या ठरावाने, सरकारने या तक्रारींची चौकशी करायला समिती नेमली. नव्या राज्याच्या अगदी पहिल्या कामांमध्ये फ्लॅटचं हे काम होतं! त्यातून १९६३ चा मालकी सदनिका कायदा आला, ज्याला सगळे ‘मोफा’ म्हणतात. बिल्डरने जमिनीचा मालकी हक्क उघड करायचा, मंजूर नकाशे दाखवायचे, किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेण्याआधी लेखी करार करून तो नोंदवायचा, खरेदीदार पुरेसे झाले की सोसायटी स्थापन करायची आणि सोसायटी नोंदल्यावर, वेगळी मुदत ठरलेली नसेल तर, चार महिन्यांत जमीन-इमारतीचं अभिहस्तांतरण म्हणजे कन्व्हेयन्स सोसायटीच्या नावे करून द्यायचं.

बाबांच्या हातात १९९४ साली जे अ‍ॅग्रीमेंट पडलं, ते या कायद्याचं अपत्य आहे. या कायद्याने काय साधलं? लालबागमधल्या, कायदा न वाचलेल्या माणसाला, कधी न पाहिलेल्या गावात, अनोळखी माणसाला आयुष्याची पुंजी देण्याइतका भरवसा दिला. पण तो भरवसा कागदावर होता. शेवटच्या कलमाचं काय झालं ते शेवटी सांगतो.

याच काळात मुंबईत जमिनीची कोंडी वाढत गेली. १९७६ च्या कमाल नागरी जमीन धारणा कायद्याने मुंबईत ५०० चौरस मीटरच्या वरची मोकळी जमीन अतिरिक्त ठरवली. हेतू गरिबांना घरं मिळावीत हा होता. प्रत्यक्षात बऱ्याच जमिनी सवलतींत आणि खटल्यांत अडकून राहिल्या. राज्याने तो कायदा २००७ मध्ये सोडून दिला. इकडे वसई-विरारच्या हिरव्या पट्ट्यातल्या जमिनी बांधकामाला खुल्या होऊ लागल्या आणि १९९० मध्ये सिडकोला तिथलं विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं. दोन दरवाजे: एक बंद होत होता, एक उघडत होता. बाबा १९९४ मध्ये त्या उघड्या दरवाजातून आत आले.

पण ‘लांब’ म्हणजे कुणापासून लांब?

इथे मी एक चूक केली होती, ती तुम्ही करू नका. प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात मी नालासोपाऱ्याचं वर्णन ‘१९८० पूर्वी रिकामा प्रदेश’ असं केलं होतं. सोपारा रिकामा? हे प्राचीन शूर्पारक बंदर आहे. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी इथला स्तूप उकरला, अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा इथे मिळाला. सम्राटाच्या लेखनिकांना हे गाव लांब वाटलं नव्हतं!

इतकं मागे जायचं नसेल तरी वसईच्या वाड्या बघा. केळी, पानवेली, फुलं, भाजी. भल्या पहाटेच्या गाडीने हा माल मुंबईला जायचा. १९८८-९० च्या सुमारास जमिनी खुल्या करायच्या निर्णयाविरुद्ध इथल्या लोकांनी हरित वसईचं आंदोलन केलं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे नेते होते. त्यांचा मुद्दा पाण्याचा आणि वाड्यांचा होता: एवढ्या वस्तीला पाणी कुठून आणणार?

आमच्यासारखी कुटुंबं त्या प्रश्नाचं उत्तर नव्हती, तो प्रश्नच होती. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण खरं आहे. आम्ही ज्याला ‘लांब’ म्हणालो ते कुणाचं तरी ‘इथेच’ होतं. तुमच्या विषयात स्वतःचं घर असेल तर दुसऱ्याच्या अंगणातून त्याच्याकडे एकदा बघा.

आता हिशेब: एका घराचे तीन भाव

अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहिलंय: क्षेत्रफळ ४५० चौरस फूट, किंमत १,३५,००० रुपये. म्हणजे ३०० रुपये फूट. माझ्या आलेखात हाच बिंदू होता.

मग एका रविवारी टेप घेऊन घर मोजलं. भिंतीच्या आतलं क्षेत्रफळ भरलं ३१० फूट. ४५० हे ‘सुपर बिल्टअप’ होतं, जिन्याचा वाटा धरून. भाव झाला ४३५.

त्यानंतर आईने मला तिची जुनी हिशेबाची वही दिली. बाजाराच्या यादीच्या मागच्या पानावर १९९४ च्या जूनमध्ये एक ओळ होती: ‘बिल्डर वरचे – २०,०००’. पावती नाही, अर्थातच. एकूण १,५५,०००. भाव झाला ५००.

तीनशे, चारशे पस्तीस, पाचशे. एकच घर, एकच दिवस. माझ्या आलेखावरची ती सुंदर रेषा मी ज्या आकड्यांवर काढली होती, ते आकडे म्हणजे दुय्यम निबंधकाच्या टेबलावर केलेलं विधान होतं. कागदावरचा आकडा खोटा असतोच असं नाही, पण तो कुणीतरी कशासाठी तरी लिहिलेला असतो. कुणी लिहिला, कुणाला दाखवायला, किती मुद्रांक शुल्क वाचवायला, हे आधी विचारा आणि मग सरासरी काढा. ‘कार्पेट’ क्षेत्रफळाची एकच पक्की व्याख्या आली २०१६ च्या रेरा कायद्यात, आणि महाराष्ट्रात त्याचं प्राधिकरण सुरू झालं १ मे २०१७ पासून. त्यामुळे त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दरांची थेट तुलना करणाऱ्या तक्त्याकडे जरा संशयानेच बघा.

त्याच वहीत अजून एक ओळ होती: ‘पाटल्या – २१,०००’. आईच्या लग्नातल्या, तिच्या आईने केलेल्या, चार तोळ्यांच्या. फाईलमध्ये पीएफचा कागद आहे, पतपेढीचा आहे, काकांचा आहे. पाटल्यांचा कुठेच नाही. अ‍ॅग्रीमेंटवर खरेदीदार म्हणून एकच नाव आहे, बाबांचं. मी आईला विचारलं, “तुझं नाव का नाही घातलं?” ती म्हणाली, “तेव्हा असं विचारायची पद्धत होती का?” आणि वही परत मागून घेतली. दोन दिवसांनी पुन्हा दिली, लेखात लिही म्हणाली.

गृहकर्जाचंही सांगतो, कारण विद्यार्थी इथे काळाची गल्लत करतात. एचडीएफसी १९७७ मध्ये स्थापन झाली, नॅशनल हाउसिंग बँक १९८८ मध्ये. पण १९९४ मध्ये छोट्या वर्कशॉपमधल्या स्टोअरकीपरपर्यंत ते कर्ज पोचलेलं नव्हतं. गृहकर्ज नोकरदारांच्या घराघरात शिरलं ते पुढच्या काही वर्षांत. आयकरात व्याजाची सूट १९९९ च्या अर्थसंकल्पात ७५,००० आणि २००१ मध्ये दीड लाखापर्यंत गेली, व्याजदर उतरले, तेव्हा. बाबांची पिढी पीएफ, पतपेढी, भिशी आणि बायकोचं सोनं यांवर लांब गेली. त्यांच्यानंतर दहा वर्षांनी आलेले शेजारी हप्त्यांवर आले. दोघांनाही ‘पहिलं घर घेणारे’ म्हणून एकाच तक्त्यात टाकलं तर इतिहास पुसला जातो.

वेळ कुठे नोंदवायचा?

बाबा घरातून निघायचे ते वर्कशॉपच्या दारात पोचायला एक तास पन्नास मिनिटं. बसायला मिळावं म्हणून आधी उलटं विरारला जायचं, ते धरून. जाऊन-येऊन ३ तास ४० मिनिटं. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ११०० तास. १९९४ ते २०१८, चोवीस वर्षं: २६,४०० तास. आठ तासांचा दिवस धरला तर ३३०० दिवस, म्हणजे अकरा वर्षांची नोकरी, बिनपगारी.

अलोन्सोच्या सूत्रात ही बाजू प्रवासखर्च म्हणून बसवता येते. पण त्या सूत्रातलं कुटुंब एका माणसासारखं वागतं. आमच्या कुटुंबात बाबांचे तास गाडीत गेले आणि आईचे पाण्यात. पाणी रात्री दीडला यायचं, कधी दोन दिवस नाही. टँकर आला की चार मजले हंडे. पुढे सूर्या प्रकल्पाचं पाणी आलं, तरी तोवर तिची कंबर गेली होती. लांबच्या घराची ही किंमत कुठल्याही करारात नाही, आणि ती दोघांत समान वाटलेलीही नाही. आता प्रबंधात माझं एक स्वतंत्र प्रकरण यावर आहे. आलेख परिशिष्टात गेला.

जनगणनेत या सगळ्याचं मोठं चित्र दिसतं. मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे माहीम-सायनच्या दक्षिणेची लोकसंख्या १९८१ मध्ये सुमारे ३२.८५ लाख होती, २०११ मध्ये ३०.८५ लाख. कमी झाली. नालासोपारा २००१ मध्येच सुमारे १.८५ लाखांवर होतं, आणि २०११ मध्ये नवी वसई-विरार महापालिका १२.२ लाखांची होती. हे आकडे मोजताना प्रत्येकामागे एखादी निळी फाईल आहे, एवढं आठवत राहा.

तुम्ही काय करू शकता

विषय घरांचा असो वा नसो, तीन गोष्टी करून बघा.

एक, घरातला एक सरकारी कागद घ्या आणि तो कुठल्या कायद्यामुळे अस्तित्वात आला ते शोधा. शेअर सर्टिफिकेट, सातबारा, रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, काहीही. कायद्याची उद्देशिका वाचा; कुठल्या तक्रारीतून तो जन्मला ते बऱ्याचदा तिथेच लिहिलेलं असतं.

दोन, त्या कागदासमोर एक खासगी कागद ठेवा. वही, पत्र, लग्नातल्या आहेराची यादी. दोघांत जिथे मेळ बसत नाही तिथे तुमचा प्रश्न आहे.

तीन, ज्याचा कागद आहे त्याची परवानगी घ्या, आणि नावं, सर्व्हे नंबर झाका. घरच्यांचीही परवानगी घ्यावी लागते. आईने वही परत मागितली ते दोन दिवस माझ्या प्रबंधातले सगळ्यात शिकवणारे दोन दिवस होते.

आणि ते शेवटचं कलम

आमची सोसायटी १९९९ मध्ये नोंदली गेली. चार महिन्यांत व्हायचं कन्व्हेयन्स अजून झालेलं नाही. बिल्डर कधीच निघून गेला, सातबाऱ्यावर अजून मूळ मालकाच्या वारसांची नावं आहेत. इमारतीचे खांब आता सळ्या दाखवतायत. पुनर्बांधणी करायची तर जमीन सोसायटीच्या नावावर हवी. २००८ च्या दुरुस्तीने ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची सोय केली, म्हणजे बिल्डर येत नसेल तरी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून हक्क मिळवता येतो. तो अर्ज आम्ही केलाय. त्यासाठीच ती फाईल लॉकरमधून बाहेर आली होती.

सुनावणीची पहिली तारीख होती तेव्हा बाबा फाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्यासोबत आले. गाडीत बसायला मिळालं. विरारच्या दिशेने उलटं न जाता बसायला मिळालं, याचंच त्यांना जास्त कौतुक. मी त्यांना सांगितलं, की अजून जमीन आपल्या नावावर नाही, म्हणजे कायद्याने घर अर्धंच घेऊन झालंय. ते म्हणाले, “मग उरलेलं अर्धं तू घे.”

पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे. तोवर पुढच्या लेखात आपण ‘इंडेक्स टू’ हा नोंदणी कार्यालयातला कागद रकाना-रकाना करून कसा वाचायचा ते बघू. तुमच्या घरात एखादा असेल तर काढून ठेवा.